अळणी पाण्याचे पथ्य

रविवारी बाजारातून आणलेला निळा टँग मासा बुधवारपर्यंत छान पोहतो. गुरुवारी सकाळी टाकीचा दिवा लावला की परांवर आणि शेपटीवर कोणी बारीक रवा भुरभुरल्यासारखे पांढरे कण दिसतात. मासा मधूनच तिरका होऊन दगडाला अंग घासतो. दुकानदाराला फोन जातो, तो फोटो मागवतो आणि एका निळ्या बाटलीचे नाव सांगतो. आत नेमके काय आहे ते बाटलीवर लिहिलेले नसते. किती लिटरला किती थेंब एवढेच असते. तीन-चार दिवसांत रवा नाहीसा होतो. गुण आला म्हणून मालक बाटली कपाटात ठेवतो. पुढचा आठवडा सरतो न सरतो तोच टाकीतल्या सगळ्या माशांवर तसाच रवा, आणि या वेळी दाट.

बाटलीने काही केलेच नव्हते. रवा तसाही गळणारच होता. खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत या एका गोष्टीत आहे, आणि पाण्यातले मीठ कमी करून मासा बरा करण्याचा उपाय नीट समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते.

हा रवा म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. अंगभर सूक्ष्म केसांची झालर, आणि त्या झालरीच्या जोरावर तो पोहतो. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये त्याची नोंद केली, ब्राउन यांनी १९५१ मध्ये त्याला आजचे नाव दिले. (मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले तेही १९५१ मध्येच, पाहुणा आणि यजमान यांची नावे एकाच वर्षी पाटीवर लागली म्हणायची.) गोड्या पाण्यातल्या माशांनाही हुबेहूब असेच ठिपके येतात, पण तो परजीवी वेगळ्या कुळातला. तिथे टाकीत मीठ घालतात आणि इथे मीठ काढतात. दोन्ही प्रकारचे मासे पाळणाऱ्या घरांत या दोन उपायांची गल्लत होते आणि ती महागात पडते.

हा जीव माशाच्या कातडीत शिरतो तो वरवर चिकटून राहत नाही. वरच्या थराखाली जाऊन बसतो आणि तीन ते सात दिवस माशाच्या पेशींवर पोसतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे खाऊन फुगलेला परजीवी. पोट भरले की तो आपणहून बाहेर पडतो, काही तास तळाशी सरपटतो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कोश विणतो. कोशात त्याची विभागणी होते. एकाचे दोनशेपर्यंत होऊ शकतात. ही पिल्ले बाहेर पडतात ती बहुधा अंधारात, पहाटेच्या सुमाराला, जेव्हा मासे तळाशी खडकाच्या आडोशाला निजलेले असतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. समुद्रात बहुतेकांच्या नशिबी तेच असते. शंभर लिटरच्या काचेच्या पेटीत मात्र मासा सापडणार नाही असे होत नाही.

म्हणजे ठिपके गेले तेव्हा रोग गेलेला नसतो, तो तळाशी बसून वाढत असतो. कातडीवरचे ठिपके तरी दिसतात. खरे नुकसान कल्ल्यांत चाललेले असते आणि ते दिसत नाही. मासा धापा टाकू लागतो तेव्हा कुठे कळते. ठिपके जाण्यात आणि परत येण्यात जे आठ-दहा दिवस जातात, त्या फटीत औषधांचा एक अख्खा बाजार उभा आहे. माशाच्या खाण्याला लसणाचा रस चोळणारेही याच फटीत सापडतात. लसूण घातलेले माशाने आवडीने खाल्ले तर चांगलेच, पण त्याने हा परजीवी मरतो याला भरवशाचा पुरावा नाही.

आता मिठाकडे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्री माशाच्या रक्तातले क्षार याच्या तिसऱ्या हिश्शाइतके, म्हणजे ११-१२ ग्रॅमच्या घरात. पातळ द्रावाकडून घट्ट द्रावाकडे पाणी झिरपते हा परासरणाचा नियम आपण शाळेत मनुका भिजवून शिकलो. मनुका पाणी ओढून फुगते, समुद्रातला मासा उलट दिवसरात्र कल्ल्यांतून पाणी गमावत असतो. पाण्यात राहूनही तो कायम तहानलेला. ती तहान भागवायला तो समुद्राचेच पाणी पितो आणि त्याबरोबर पोटात गेलेले मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर फेकतो. होमर स्मिथ यांनी हा व्यवहार १९३० मध्ये उलगडला. पुढे १९३२ मध्ये कीज आणि विल्मर यांनी या मीठ फेकणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. यातले ॲन्सेल कीज म्हणजे नंतर तूप-लोणी आणि हृदयविकार यांच्या संबंधावरून जगभर गाजलेले तेच कीज. माणसाच्या ताटाकडे वळण्याआधी त्यांनी माशाच्या मिठाचा हिशेब मांडला होता.

हे मीठ उपसण्याचे काम फुकट होत नाही. त्यात माशाची बरीच शक्ती जाते. पाण्यातला क्षार १२ ग्रॅमच्या आसपास आणला की आतले-बाहेरचे पारडे जवळजवळ सम होते. पाणी गमावणे थांबते, उपसाही थांबतो, आणि कल्ले फाटलेल्या आजारी माशाला थोडी उसंत मिळते. परजीवीची गत उलटी. समुद्राच्या क्षाराला जुळवून जगणाऱ्या त्या एका पेशीत अळणी पाणी शिरत राहते आणि ती फुगून फुटते. कोशाची भिंत बऱ्याच औषधांना अडवते, पण पाण्याला अडवत नाही. या उपायाचे मर्म हेच आहे. एक मर्यादाही लगेच सांगायला हवी. माशाच्या कातडीखाली बसलेल्या परजीवीला या पाण्याचा फारसा त्रास होत नाही, कारण तो माशाच्याच रसात बसलेला असतो. तो बाहेर पडला की मरतो. म्हणून पहिल्या दोन दिवसांत ठिपके तसेच दिसले तर घाबरायचे कारण नाही, आणि चौथ्या दिवशी ते गेले म्हणून उपचार थांबवायचेही कारण नाही.

कमी क्षारात समुद्री मासा जगेल कसा, ही शंका आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला फार पडू नये. जिताडा समुद्रात असतो, खाडीत असतो, आणि रायगडात पेण-अलिबागकडे तो गोड्या पाण्याच्या तळ्यांतही वाढवतात. पावसाळ्यात खाडीचे पाणी मचूळ होते तेव्हा तिथले मासे काही तडफडून मरत नाहीत. अर्थात जिताडा दोन्ही घरचा पाहुणा आहे. प्रवाळाच्या खडकांत जन्म काढणारे क्लाउनफिश आणि टँग तसे नाहीत, आणि निव्वळ गोड्या पाण्यात त्यांना काही मिनिटांपलीकडे ठेवता येत नाही. पण स्वतःच्या रक्ताइतक्या खारट पाण्यात ते आठवडेच्या आठवडे राहू शकतात, एवढे आता पुरेशा अनुभवाने सिद्ध आहे.

या उपायाला शास्त्रीय पाया मिळाला तो शोभेच्या टाक्यांमधून नव्हे, खाण्याच्या माशांच्या शेतीतून. इस्रायलमधील ऐलात येथे अँजेलो कोलोर्नी यांनी १९८५ मध्ये सी ब्रीम जातीच्या माशांवर केलेले काम प्रसिद्ध केले. टाकीचे पाणी तीन-तीन तासांसाठी १० ग्रॅमपर्यंत पातळ करायचे, तीन-तीन दिवसांच्या अंतराने, असे चार वेळा. रोग आटोक्यात आला. चार हप्ते का? तर प्रत्येक वेळी त्या-त्या दिवशी कोशात असलेली तुकडी मारायची आणि कातडीखालची पुढची तुकडी उतरण्याची वाट पाहायची म्हणून. घरगुती टाक्यांत हाच विचार ताणून सलग महिनाभराचा उपचार रूढ झाला, कारण टाकी दर तीन दिवसांनी खाली-वर करण्यापेक्षा एका पातळीवर धरून ठेवणे सोपे.

सोपे म्हणजे किती सोपे, ते एकदा करून पाहावे. शंभर लिटरची टाकी, क्षार ३५. तीस लिटर पाणी काढून तितकेच क्लोरीन उडालेले किंवा आरओचे गोडे पाणी घातले की क्षार २४.५ वर येतो. दुसऱ्या खेपेला तीस लिटर बदलले की १७. तिसऱ्या खेपेला १२. विशिष्ट गुरुत्वाच्या भाषेत १.०२६ वरून १.००९. दोन दिवसांत या तीन खेपा आटोपता येतात. खाली उतरणे माशाला तितके जड जात नाही. इथवर कुणालाही जमते.

कसोटी पुढे आहे. पाणी वाफ होऊन जाते, मीठ जात नाही. एप्रिल-मे महिन्यात, वर पंखा फिरत असताना या टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी सहज उडते. कुटुंब आठवडाभर गावी गेले तर चौदा लिटर गेले, आणि १२ चा क्षार १४ वर चढला. आणखी चार-पाच दिवस, आणि काटा पंधरा ओलांडतो. इथून वर गेले की तळाचे कोश मरतीलच असे सांगता येत नाही, आणि महिन्याची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागते. मिठाचा उपाय केला पण लागू पडला नाही, असे सांगणाऱ्या बहुतेकांची गोष्ट मुळाशी वाफेची असते. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी रंगीत चिकटपट्टी लावावी आणि रोज सकाळी त्या रेषेपर्यंत गोडे पाणी भरावे. एवढा साधा नेम पाळला तर निम्मी अपयशे टळतील.

उरलेली मोजमापाच्या साधनातून येतात. स्वस्त प्लॅस्टिकच्या हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. एरवी १.०२४ की १.०२६ यात फारसे बिघडत नाही. इथे १.००९ आणि १.०१२ यांच्यात परजीवी मरणे आणि तगणे यांचे अंतर आहे. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर हवा. काचेवर पाण्याचा थेंब, वर झाकण, उजेडाकडे डोळा, आणि निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे पडेल तो आकडा. तोही आधी शुद्ध पाण्याच्या थेंबाने शून्यावर आणून घ्यायचा. आपल्या मिठागरांत पाण्याचा घट्टपणा बोमे अंशांत पाहतात आणि साधारण २५ अंशांवर मीठ धरू लागते हे तिथल्या कामकऱ्याला ठाऊक असते. खारट पाणी आकड्याने ओळखण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. दिवाणखान्यातल्या टाकीपर्यंत ती पोचली नाही इतकेच.

पाणी पातळ केले की मीठच नव्हे, आम्ल-अल्कलीचा तोल सांभाळणारे घटकही पातळ होतात आणि सामू घसरतो. चिमूट-चिमूट खायचा सोडा विरघळवून घालून तो सावरता येतो. मूठ टाकली तर मासा रोगाआधी सोड्याने जाईल. फिल्टरमधले जिवाणूही मंदावतात, त्यामुळे अमोनिया वाढतो. उपचाराच्या काळात खाणे बेताचे द्यावे आणि अमोनियाची चाचणी रोजची असावी.

आता दुकानांविषयी. खाऱ्या पाण्याचे मासे विकणाऱ्या पुष्कळ ठिकाणी टाक्यांचे गुरुत्व मुळातच १.०१८ च्या आसपास ठेवलेले असते. मिठाचा खर्च वाचतो, माशावरचा ताण कमी होतो, आणि परजीवी थोडा मंदावतो. यात दुष्टपणा नाही. प्रवासाने थकलेल्या माशाला दोन दिवस हलके पाणी देणे समजण्यासारखे आहे. पण हे पाणी उपचाराचे नव्हे. १.०१८ वर परजीवी मरत नाही, फक्त दबून राहतो. मासा तिथे निरोगी दिसतो, घरी येतो, अर्ध्या तासात १.०२५ च्या पाण्यात सोडला जातो. क्षार उतरताना माशाला फारसे कळत नाही, पण एकदम चढताना त्याचे पाणी झपाट्याने जाते, आणि बंद पडलेला मीठ-उपसा पुन्हा सुरू व्हायला दिवस लागतात. त्या गोंधळात दबलेला परजीवी डोके वर काढतो. आमच्या मते अर्धवट पातळ केलेले पाणी पूर्ण खाऱ्यापेक्षाही फसवे आहे. दुकानदारांनी निदान टाकीवर गुरुत्वाचा आकडा लिहावा, आणि पाण्यात काही औषध घातले असेल तर तेही. खर्च खडूचा.

रासायनिक नाही म्हणून हा उपाय सौम्य आणि सर्वांना चालणारा, अशी एक समजूत पसरली आहे. ती खरी नाही. प्रवाळ, झिंगे, गोगलगाई, तारामासे यांच्या शरीरातला क्षार बाहेरच्या पाण्याबरोबर खाली-वर होतो. १२ च्या पाण्यात ते मरतात. जिवंत खडकाच्या भेगांमधली वस्तीही मरते, कुजते आणि तिचा अमोनिया माशांच्या जिवावर उठतो. म्हणून उपचाराची टाकी वेगळी, उघड्या तळाची, प्लॅस्टिकच्या नळ्यांचा आडोसा असलेली हवी. मुशी आणि पाखट यांनाही हा उपाय वर्ज्य. ते रक्तात युरिया साठवून समुद्राशी तोल साधतात. शिळ्या मुशीला अमोनियाचा जो उग्र वास येतो तो याच युरियाचा. त्यांना पातळ पाण्यात सोडले तर तो तोल ढासळतो.

रोगाची ओळख चुकली तर मात्र सगळेच चुकले. ठिपक्यांहून बारीक, पिठाची किंवा सोनेरी धुळीची पूड अंगावर शिंपल्यासारखी दिसली, मासा धापा टाकत पाण्याच्या झोतापाशी जाऊन उभा राहू लागला, तर तो बहुधा ॲमिलोडिनियम असतो, ज्याला छंदी मंडळी वेल्व्हेट म्हणतात. हा जीव अगदी कमी क्षारातही मजेत जगतो आणि दोन-चार दिवसांत टाकी रिकामी करतो. त्याच्यापुढे अळणी पाण्याचा महिना म्हणजे हातातला वेळ घालवणे. तिथे तांबेच हवे. मोकळे तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, कमी पडले तर उपयोग नाही, जास्त झाले तर मासाच दगावतो. तेही वाळू आणि दगडाबाहेरच्या वेगळ्या टाकीत, रोज मोजून. आणि कमी क्षार व तांबे एकत्र कधीच नाही, कारण पातळ पाण्यात तांब्याचे विष वाढते. तांब्यापेक्षा मीठ कमी करणे अधिक पुण्याचे, असे आम्हाला वाटत नाही. ठिपक्यांच्या रोगात मासा खातापिता असेल आणि मालकाकडे महिनाभराची चिकाटी असेल तर अळणी पाणी बरे. चिकाटी नसेल तर तांबे प्रामाणिक. दोन्हींत मोजणी चुकत नाही.

क्रिप्टोकॅरियॉनचेही सगळे वाण एका मुशीतले नाहीत. तैवानमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये कमी क्षाराच्या पाण्यात वाढणारे वाण नोंदवले. म्हणजे सर्व काही नेमाने करूनही महिन्याअखेर ठिपके परतले, तर मालकाने स्वतःला दोष देत बसण्याऐवजी उपाय बदलावा.

शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यापासून तीस दिवस, हा रूढ हिशेब. दरम्यान मूळ टाकीत एकही मासा असता कामा नये. तिथल्या प्रवाळांना आणि झिंग्यांना या परजीवीची बाधा नाही, पण तळाशी कोश असतात आणि काही कोश फार आळशी. बहुतेक महिन्याभरात फुटतात. ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. इतके दिवस माशांविना टाकी पाहणे घरातल्या लहान मुलांना जड जाते. एखादा तरी मासा टाका, असा आग्रह तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो. तो एखादा मासाच मग परजीवीचे घर होतो.

तीस दिवस पुरे झाले की क्षार वर न्यायचा, पण दिवसाला एक-दीड ग्रॅमहून जास्त नाही. आतापर्यंत ज्या वाफेशी भांडलो तीच इथे कामाला येते. रेषेपर्यंत रोज जे दोन लिटर गोडे पाणी भरत होतो, त्याऐवजी आता समुद्राइतके खारे पाणी भरायचे. शंभर लिटरच्या टाकीत क्षार दिवसाला ०.७ ग्रॅमने वर सरकतो आणि १२ वरून ३५ वर पोचायला तेहतीस दिवस लागतात. घाई असेल त्याने थोडे पाणी बदलून हा काळ निम्म्यावर आणावा. पण घाई नसेल तर गणित बघा: उतरायचे दोन-तीन दिवस, ठिपके जाण्याचा आठवडा, अळणी पाण्याचे तीस आणि चढणीचे तेहतीस. मासा पुन्हा समुद्राचे पाणी पिऊ लागतो तोवर मोठ्या टाकीचे ७२ दिवसही भरलेले असतात.